जागलीचा वॉकीटॉकी आणि दिल्लीचा परवाना

दिवाळी सरली, हरभरा वीतभर वर आला आणि तूर शेंगांनी वाकली की विदर्भातल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात जागल सुरू होते. रात्री रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप कुठून येईल आणि रानडुकरं कुठल्या धुऱ्यावरून घुसतील, याचा नेम नसतो. एकजण मचाणावर बसतो, दुसरा नाल्याकडच्या टोकाला शेकोटी करून. मधे अर्धा-पाऊण किलोमीटर अंतर. गावठाणात मोबाइलला रेंज मिळते. नाल्याच्या खोलात मात्र फोन नुसता बॅटरी दाखवायच्या कामाचा. ‘तुझ्याकडं वळले रे’ हे सांगायला घसा फोडावा लागतो आणि तोवर डुकरांनी चार तासं उकरलेली असतात.

म्हणून तरुण पोरांनी ऑनलाइन वॉकीटॉकी मागवायला सुरुवात केली. अशाच एका जोडीवरून गावातल्या एका मामा-भाच्यात वाजलं. मामा आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकवून निवृत्त झालेले. बऱ्याच वर्षांपासून त्यांच्याकडे हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना आहे. घराच्या पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणलेली तार हीच त्यांची खूण. भाचा शेतकरी. पदवी घेतलेला, हातात पाना-पक्कड घेऊन मोटर स्वतः खोलणारा. मी या वादात पंच म्हणून बसलो आणि शेवटी मलाही पंचगिरी सोडून बोलावं लागलं.

भाचा : मामा, हे पाहा. दोन सेट, दोन चार्जर, दोन हेडफोन. पाच वॉट. बॉक्सवर दहा किलोमीटर लिहेल हाये. आता रोह्याची काय टाप!

मामा : बॉक्स दे इकडं. (चष्मा कपाळावरून खाली घेतात.) 136 ते 174 मेगाहर्ट्झ, 400 ते 480 मेगाहर्ट्झ. आणि हे बटणावरून कुठलाही आकडा टाकता येतो. बाप्पा, हा सेट तुझ्या कामाचा नाही. परत पाठव.

भाचा : काहून? चालू तं होते. काल वाड्यातून पार वेशीपर्यंत बोललो.

मामा : चालू होतो हीच तर अडचण आहे. हा जो 136 ते 174 चा पट्टा आहे ना, त्यात पोलिसांची बिनतारी यंत्रणा चालते, रेल्वेची चालते, वनखात्याची चालते. तुला त्यातलं काहीच ठाऊक नाही. रात्री अंधारात अंगठा चुकीच्या बटणावर पडला आणि ‘डुक्कर आलं, डुक्कर आलं’ म्हणून तू कुठल्या ठाण्याच्या वायरलेसवर ओरडशील, याचा भरवसा काय?

भाचा : ते मले ऐकतील आन हसतील. फाशी थोडीच देनार.

मामा : फाशी नाही, पण 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यात परवान्याशिवाय ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा होता. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता त्याच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगल्यास पहिल्या वेळी 50 हजारांपर्यंत आणि पुन्हा सापडलास तर 2 लाखांपर्यंत दंड लिहिला आहे. तुझा सगळा हरभरा विकून तेवढे हातात येतील का, ते सांग.

भाचा : मंग विकनाऱ्याले धरा ना! त्यानं मले घरपोच आनून देला. पैसे मोजून घेतले, बिल देलं.

इथे भाच्याचा मुद्दा बिनतोड होता आणि मामांनी तो नाकारला नाही. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नेमकं हेच केलं. परवाना लागतो की नाही, फ्रिक्वेन्सी कोणती, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीही न सांगता वॉकीटॉकी विकणाऱ्या 13 ई-कॉमर्स मंचांना नोटिसा काढल्या. पाठोपाठ ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही आणले. वस्तूच्या पानावर फ्रिक्वेन्सी आणि मान्यतेचा तपशील नसेल तर तो सेट विकायचा नाही, असा त्याचा मतलब. तरी बाजारात आधीच गेलेले सेट गावोगाव आहेतच, आणि ते बाळगण्याचा दोष बाळगणाऱ्याच्याच माथी येतो.

भाचा : मामा, एक सांगू? नियम दिल्लीत होतेत. इथं कोन पायते? निजामानं लढाई जिंकली तं आपल्या गावाचं नाव फतेहखेर्डा करून टाकलं. फर्मान काढलं. कोनी म्हनते का फतेहखेर्डा? लोकांले जे पटत नाई ते चालत नाई.

हा टोला ऐकून मामा हसले. गोष्ट खरी आहे. 11 ऑक्टोबर 1724 रोजी याच गावाजवळ निजाम-उल-मुल्कने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव केला. खान रणातच पडला आणि दख्खनमध्ये निजामाची जवळजवळ स्वतंत्र सत्ता इथून सुरू झाली. विजयाची आठवण म्हणून दिलेलं नाव इतिहासाच्या पुस्तकांत राहिलं. एसटीच्या पाटीवर मात्र साखरखेर्डाच आहे. पलसिद्ध मठाला येणारे भाविक तिकीट मागतात तेही साखरखेर्ड्याचंच.

मामा : नाव ठेवणं आणि लहरी वाटणं यात फरक आहे. नावानं कोणाचं अडत नाही. लहरींचं पाणीपाळीसारखं असतं. पाटाला पाणी एकच, आणि ज्याची पाळी नाही त्यानं रात्री दारं फोडलं की खालच्याचं शेत कोरडं राहतं. तू पाच वॉटनं एखाद्या चॅनलवर बटण दाबून धरलंस, तर त्या चॅनलवर त्या टापूत दुसऱ्या कोणाचं बोलणं धड निघत नाही. तिथं रुग्णवाहिकेचा निरोप असेल किंवा जंगलातल्या वनरक्षकाचा. तुला तो ऐकूही येणार नाही, आणि आपण कोणाचं पाणी तोडलं हे तुला कधीच कळणार नाही.

भाचा : बरं, मंग मी परीक्षा देतो. तुमी देली तशी. मंग तं झालं?

मामांना याचीच वाट होती. हॅमचा विषय निघाला की निवृत्त माणूस पुन्हा वर्गात उभा राहतो. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. हौशी रेडिओचे नियम 1978 चे, त्यात 2009 च्या सुमारास मोठे बदल झाले. आता दोनच श्रेणी आहेत, सामान्य आणि मर्यादित. वय 12 पूर्ण असलं की परीक्षेला बसता येतं. प्रश्नपत्रिकेत दोन भाग असतात, एक रेडिओच्या तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. मर्यादित श्रेणीला मोर्स लागत नाही. सामान्य श्रेणीला मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता यावा लागतो. मर्यादितवाल्याला 50 वॉटपर्यंत मुभा, त्याचं बोलावणं म्हणजे कॉलसाइन व्हीयू थ्रीने सुरू होतं. सामान्यवाल्याचं व्हीयू टूने. विदर्भातल्या माणसाला परीक्षेला नागपूर गाठावं लागतं, अर्ज सरल संचार या सरकारी संकेतस्थळावर. परीक्षेचे 100 रुपये, 20 वर्षांच्या परवान्याचे 1000, आजीवन हवा असेल तर 2000.

भाचा : एवढं स्वस्त? एका फवारनीचा खर्च नाई हा. मंग लोकं काहून घेत नाईत?

मामा : कारण पास झाल्यावर परवाना हातात पडायला कधी कधी महिने जातात. पोलीस पडताळणी होते, कागद फिरतो. ते मी झाकून ठेवणार नाही. पण तुझ्यापुरतं दुसरंच कारण आहे. परीक्षा दिलीस, पास झालास, तरी जागलीवर तुला त्याचा उपयोग नाही.

भाचा : आँ?

मामा : हॅम रेडिओ हा स्वतः शिकण्यासाठी आणि दुसऱ्या हॅमशी बोलण्यासाठी आहे. पैशाच्या कामाला, धंद्याला तो वापरायचा नाही. शेती हा तुझा धंदाच ना? शिवाय ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडंही परवाना हवा. तू परीक्षा देशील. पण नाल्याकडच्या टोकाला जो गडी बसतो, तोही नागपूरला जाऊन ओहमचा नियम लिहून येणार आहे का?

यावर भाचा जो काही बोलला तो छापण्याजोगा नाही. पण माझ्या मते सगळ्या वादाची मेख इथे आहे. आपल्याकडचा नियम विचारतो की तू शिकणारा आहेस, सरकारी आहेस, की कंपनी आहेस. कंपनीला, कारखान्याला, मोठ्या बांधकामाला वेगळा परवाना मिळतो. दिल्लीतल्या बिनतारी नियोजन कक्षाकडून फ्रिक्वेन्सी नेमून घ्यायची आणि दरवर्षी तिचं शुल्क भरायचं. दोन सेट घेऊन डुकरं हाकणारा शेतकरी या तिन्ही रकान्यांत बसत नाही.

भाचा : माझा चुलतभाऊ अमेरिकेत हाये. तो म्हनते, तिथं जीएमआरएस का कायसा परवाना भेटते. 35 डॉलर भरा, दहा वर्षं बिनघोर. परीक्षा नाई. आन एका परवान्यावर बायको, पोरं, भाऊ, सगळे बोलतेत. हे आपल्याकडं का जमत नाई?

मामा : जमायला पाहिजे, हे मी मान्य करतो. पण त्या भावाला म्हणावं, येताना तिकडचे सेट घेऊन येऊ नको. तिकडचे घरगुती सेट 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात. तिथं ते मोकळे आहेत, इथं नाहीत. प्रत्येक देशानं आपापला पट्टा वेगळा वाटला आहे. युरोपात 446 मोकळा, आणि सुदैवानं आपणही तोच घेतला.

भाचा : म्हनजे मोकळं बी काई हाये?

मामा : आहे. मी तासाभरापासून तिथंच यायचं म्हणतोय, तू येऊ देशील तर. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ. परवाना नाही, परीक्षा नाही, कॉलसाइन नाही. मुख्य अटी दोनच. ताकद अर्ध्या वॉटच्या वर जायची नाही आणि सेटला सरकारची उपकरण-मान्यता पाहिजे, तिला ईटीए म्हणतात. त्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतरानं सोळा चॅनल बसतात. पहिला 446.00625 वर.

भाचा : अर्धा वॉट! मामा, पाच वॉटची गोष्ट चालू हाये आन तुमी मले अर्ध्यावर आनून बसवता. तो धुऱ्यापर्यंत तरी जाईन का?

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला, कारण बॉक्सवरच्या आकड्यांना इथेच तडा जातो. मामांनी अंगणातल्या फरशीवर खडूनं एक कमान काढली, ती पृथ्वी. तिच्यावर दोन माणसं उभी केली. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जवळपास सरळ जातात, जमिनीच्या वळणाला अगदी किंचित वाकतात. म्हणून एका अँटेनाला किती दूरवर दिसतं हे तिच्या उंचीवर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्यायचं आणि 4.12 ने गुणायचं, की किलोमीटर मिळतात. दीड मीटरवर तोंडाशी धरलेला सेट पाच किलोमीटर ‘पाहतो’. दोघांचे मिळून दहा. बॉक्सवरचे दहा किलोमीटर बहुधा इथून आले. पण ते शांत समुद्रावरचे दहा. मधे डोक्याइतकी तूर उभी असेल, नाल्याची दरड असेल, बाभळीचं बन असेल, तर एक-दीड किलोमीटरवर आवाज फाटायला लागतो.

मामा : आणि तिथं पाच वॉट घेऊन फार काही होत नाही. ताकद दहापट केली तर मोकळ्या मैदानातही अंतर तिपटीच्या आसपासच वाढतं. दरडीमागं तेवढंही नाही. तूच चार मीटर उंच मचाणावर चढलास तर तुझी बाजू पाचावरून आठ किलोमीटरवर जाते. तीही फुकट. तुला पाहिजे किती? पाऊण किलोमीटर. अर्धा वॉट तुझ्या शिवाराला पुरून उरेल.

भाचा : आन पाच वॉटवाल्याले लांबचा अँटेना लावता येते. मी तो बी मागवला होता.

मामा : तोही परत कर. 446 वाल्या सेटचा अँटेना त्याच्या अंगचाच असतो, बदलायचा नसतो. ताकद मोजताना अँटेनासकट मोजतात. सेट अर्ध्या वॉटचा आणि वर लांब अँटेना, तर मोकळीक संपली.

भाच्याने मग आणखी एक शोध लावला. 27 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड 2005 पासून परवानामुक्त आहे आणि तिथं चक्क पाच वॉट चालतात. त्याने हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोर्टात साक्षीदार फोडल्याचा आनंद होता.

मामा : पुढची ओळ वाच. ‘अंगचा अँटेना’ तिथंही आहे. 27 मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब. तिचा पावपट अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर. तो हातातल्या सेटमध्ये कसा बसवशील? गुंडाळी करून तोकडा करतात आणि तोकडा केला की ताकद उष्णतेत जाते. 446 चा पावपट सतरा सेंटिमीटरपेक्षा कमी, तो सहज बसतो. कागदावर पाच वॉट आणि हातात दुबळा सेट. त्यातून तसे सेट इथल्या दुकानात मिळतही नाहीत.

भाचा : म्हनजे सरकारनं देलं ते बी असं, की घेता येऊ नये.

मामा काही बोलले नाहीत. मी इथे भाच्याच्या बाजूने मत टाकतो.

रात्र झाली होती. मामांनी आम्हाला आत नेलं आणि आपला संच दाखवला. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी त्यांनी ताणलेली तार मधोमध तोडलेली आहे, दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मीटर. टोकांना पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे इन्सुलेटर, पुढे नायलॉनची दोरी. मधल्या तोडीपासून जाड केबल खिडकीतून आत येते. लाकडी टेबलावर 13.8 व्होल्टचा पुरवठा, शेजारी लाइन गेल्यावर कामाला येणारी बॅटरी. भिंतीबाहेर कोळसा-मीठ घालून पुरलेला अर्थिंगचा खड्डा, त्याला पावसाळ्याआधी पाणी आणि जूनच्या पहिल्या गडगडाटाला केबल सरळ उपटून बाहेर. त्यांच्या नोंदवहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरच्याचं कॉलसाइन. अक्षर शिक्षकी, ओळीवर बसलेलं.

बटण फिरवलं तसे खरखरीतून आवाज वर आले. कोणी तेलुगूत, कोणी हिंदीत. मग एका मराठी आवाजाने कुणाला तरी हवामान विचारलं. भाचा पहिल्यांदा गप्प बसला.

मामा : हे एवढं सगळं कशासाठी, असं तू मनात म्हणत असशील. 1993 ला किल्लारीला भूकंप झाला, फोनच्या तारा तुटल्या, तेव्हा हॅमवाले संच घेऊन तिथं गेले. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या गटाबरोबर अंदमानला होत्या, जगभरच्या हॅमशी बोलायला म्हणून. 26 तारखेला सुनामी आली. पोर्ट ब्लेअरमधून बाहेर निरोप देण्याचं काम त्यांच्या स्टेशननं केलं. नियम पाळणारे, एकमेकांची भाषा जाणणारे लोक आधीपासून तयार होते, म्हणून ते झालं. ऐन वेळी बाजारातून सेट आणून होत नाही.

भाचा : बरोबर हाये. पन मामा, 1942 चं ते चोरून चालवलेलं काँग्रेस रेडिओ? ते चालवनाऱ्या उषा मेहता? त्यायनं कुठं परवाना घेतला होता? त्यायले तं आपन पद्मविभूषण देलं.

मामा : (खुर्चीत सरसावून) वा! मुंबईत ऑगस्ट 1942 ला सुरू झालं, 12 नोव्हेंबरला धाड पडली. 42.34 मीटर. जागा बदलत फिरत होते ते लोक. ट्रान्समीटर जमवणारा नरीमन प्रिंटर. दुसरं महायुद्ध सुरू होताच सरकारनं हॅमवाल्यांचे परवाने रद्द करून संच काढून घेतले होते, तरी त्यानं सुटे भाग राखून ठेवले होते. शेवटी तोच पोलिसांना मिळाला, ती वेगळी गोष्ट. उषाबेन चार वर्षं सजा घेऊन आत गेल्या. त्यांना कायदा माहीत होता, कोणता मोडतोय तो माहीत होता आणि किंमतही माहीत होती. आणि तू? डुकरं हाकायला तुरुंगात जाणार? उद्या शाळेत तुझा धडा लावतील की काय?

हसण्यात वाद जरा सैल झाला. पण भाचा हटणारा नव्हता. त्याचं शेवटचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून जसंच्या तसं देतो.

भाचा : मामा, तुमचं सगळं पटलं. हा सेट परत करतो. अर्ध्या वॉटचा घेतो. पन माझ्या शेतापुरतं झालं. ज्याचं शेत दोन टेकड्यांपल्याड हाये, त्याचं काय? धरनाच्या कडंला ज्याची मोटर हाये आन मधे डोंगर हाये, त्याचं काय? रातच्याले लाइन आली का नाई, हे पाहाले त्याले गाडी काढून जा लागते. त्याच्यासाठी मोकळा पट्टा पुरत नाई, हॅम चालत नाई, कंपनीचा परवाना झेपत नाई. तो पाच वॉटवाला चिनी सेट घेनारच. तुमी त्याले गुन्हेगार म्हना नाई तं काई म्हना.

मामा : तो नियम मोडतोय एवढंच मी म्हणेन. पण त्याला नियमात बसवणारी पायरी आपल्याकडं नाही, हेही खरं. अर्धा वॉट आणि परीक्षा यांच्या मधे एक मधला परवाना असायला हवा. साधा अर्ज, ठरलेली चार-दोन फ्रिक्वेन्सी, पाच वॉट, एका घराला एक, वर्षाला काही शे रुपये. तालुक्याला सेतू केंद्रात मिळेल असा. मागून पाहा. मी सही करतो.

भाचा : तुमी सही करनार? तुमी तं सरकारी बाजूचे!

मामा : मी लहरींच्या बाजूचा आहे. लोक चोरून बोलायला लागले की त्या आणखी बिघडतात.

मामांची पिढी नियमाला भिते असा एक समज असतो, तो इथे लागू पडला नाही. त्यांच्या लहानपणी घरातल्या साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे, दरवर्षी वहीवर तिकिटं चिकटवून नूतनीकरण करावं लागे. 1980 च्या दशकात ती पद्धत बंद झाली. नियम माणसासाठी बदलतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणूनच तो बदलेपर्यंत पाळावा असा त्यांचा आग्रह. भाच्याला तो बदलण्याची वाट पाहायला वेळ नाही, त्याचा हरभरा या महिन्यात उभा आहे. मला विचाराल तर सेटच्या बाबतीत मामा बरोबर आहेत आणि पायरीच्या बाबतीत भाचा.

नंतर त्याने अर्ध्या वॉटची जोडी आणली. पहिल्या रात्री मामाच मचाणावर चढले आणि गड्याला वापरायची रीत शिकवली. सेट आडवा धरायचा नाही, अँटेना उभाच हवा. तोंडापासून चार बोटं लांब. बटण दाबल्याबरोबर बोलायचं नाही, मनात एक म्हणायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘इकडं येऊ नको’चं ‘येऊ नको’ होतं. एकाचं झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, कारण दोघांनी एकदम दाबलं तर दोघंही बहिरे. सेटवर ‘प्रायव्हसी कोड’ असं जे लिहिलेलं असतं त्याने आपल्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही इतकंच. आपलं बोलणं मात्र त्याच चॅनलवरच्या कोणालाही ऐकू जातं. म्हणून सोसायटीचं कर्ज, सोयरीक आणि बँकेचा पिन यांची चर्चा रेडिओवर करायची नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते, जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची. गडी सगळं ऐकून म्हणाला, ‘मास्तर, यात मोबाइलपेक्षा शिस्त लय हाये.’

मधल्या परवान्याची मागणी दिल्लीला कोण नेणार, हे अजून ठरलेलं नाही. शेतकरी संघटनांनी ती उचलावी, आमदार-खासदारांनी ती सभागृहात मांडावी. वन्यप्राण्यांच्या नुकसानभरपाईवर इतकं बोलणं होतं, त्यात या एका कलमाला जागा मिळायला हरकत नाही. तोवर ज्याला जागलीसाठी, यात्रेतल्या स्वयंसेवकांसाठी किंवा लग्नातल्या गाड्या लावण्यासाठी सेट घ्यायचा आहे, त्याने पैसे देण्याआधी बॉक्सवर तीन गोष्टी वाचाव्यात : 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ, अर्धा वॉट, आणि ईटीए क्रमांक. यातली एक जरी नसेल तर तो सेट दुकानातच राहू द्यावा.